ऑफिस टाइम: बियांपासून पहिली फुलं

गेल्या जुलैत आठ दिवस ऊन दिसलं नाही आणि माझं डबल पाकळीचं पिवळं ऑफिस टाइम (सकाळी उमलणारं, मांसल पानांचं छोटं फुलझाड) बुंध्यापासून सडून गेलं. उरलेल्या बाकीच्या रंगांच्या झाडांच्या फांद्या खोचल्या तर आठवड्यात मुळं धरतात, पण त्यातून रंग तेच मिळतात. म्हणून यंदा बियांच्या मागे लागले.

फेब्रुवारी. पांढऱ्या सिंगल फुलाचे पुंकेसर ते उमलताउमलताच चिमट्याने काढले आणि ब्रशने राणी रंगाचा पराग लावला. डबल फुलांच्या नादी लागले नाही. त्यांच्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, बी धरणं अवघड. हे करताना एक गंमत सापडली: पुंकेसरांना काडी लावली की ते हळूच काडीकडे झुकतात. नक्की करून बघा.

मार्च. बोंड पिकलं की त्याला आडवी चीर जाते आणि वरचा भाग डबीच्या झाकणासारखा सुटतो. आत पोलादी करड्या, मोहरीहून कितीतरी बारीक बिया. पहिलं बोंड मी जवळून बघायला वाकले आणि माझ्याच श्वासाने बिया उडाल्या. पुढच्या प्रत्येक बोंडावर मलमलची पुरचुंडी बांधली.

पेरायला मिश्रण केलं: दोन भाग जाड वाळू, एक भाग माती, एक भाग शेणखत. बिया नुसत्या वर भुरभुरल्या, मातीखाली गाडल्या नाहीत, कारण त्यांना उजेड लागतो. पाणी स्प्रेने. सहाव्या दिवशी लालसर कोंब दिसले. शेणखतातून घोळीची भाजीही उगवली, ती याचीच सख्खी बहीण. खरी पानं आल्यावर चपट्या पानांची ती घोळ, गोल सुईसारख्या पानांचं ते आपलं.

मे. चौदा रोपं जगली, अकरा फुलली. सात राणी, दोन फिकट गुलाबी, एक पांढरं. आणि एक पिवळं! यांचे रंग बीटातल्या रंगद्रव्यांच्या घराण्यातले, त्यात लाल आणि पिवळा दोन्ही येतात. राणी रंगाच्या झाडात पिवळा दडून बसू शकतो, हे वाचलं होतं. कुंडीत प्रत्यक्ष पाहिल्यावर सकाळचा चहा तिथेच गार झाला. पाकळी सिंगल आहे, गेलेलं डबल काही परत आलं नाही, तरी रंग तोच, पिकल्या लिंबाचा.

पावसाआधी त्याच्या तीन फांद्या खोचल्यात: एक पत्र्याखाली, एक स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडच्या खिडकीत, एक शेजारच्या काकूंकडे.