सभागृहाची दुसरी वही

मी मराठवाड्यातील एका लहान नगरपरिषदेत सभा विभागाचा लिपिक आहे. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका तयार करणे, ती सात दिवस आधी सदस्यांच्या घरी पोहोचवून पोच घेणे, सभेत बसून चर्चा टिपणे आणि नंतर इतिवृत्त लिहिणे हे माझे काम. नोव्हेंबर २०२१ मधील एका सभेत मी स्वतः लिहिलेल्या टिप्पणीतील चूक सर्वांसमोर आली. ती वेळेत आली याचे समाधान मला आजही वाटते.

विषय होता नगरपरिषदेच्या सभागृहाचा. गावात त्याला टाऊन हॉलच म्हणतात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यानंतर काही वर्षांत, नगरपालिकेच्या पैशांत लोकवर्गणीची भर घालून ते उभारले गेले. दगडी जोते, वर पत्रे, समोर लाकडी फळ्यांचा रंगमंच आणि मागे एक अंधारी खोली, एवढाच त्याचा पसारा. पत्रे जागोजागी गळत होते. प्रस्ताव असा होता की सभागृह निविदा काढून तीन वर्षांसाठी खासगी व्यक्तीला भाडेपट्ट्याने द्यावे. तिने ते दुरुस्त करून मंगल कार्यालय म्हणून चालवावे आणि नगरपरिषदेला दरमहा भाडे द्यावे.

हा प्रस्ताव आणणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. १९९९ मध्ये जकात गेल्यापासून आमच्यासारख्या नगरपरिषदा शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसतात. दुष्काळी वर्षांत घरपट्टीची वसुली ढासळते, पाणीपुरवठ्याच्या पंपांचे वीजबिल मात्र थांबत नाही. अशा स्थितीत पडून असलेल्या इमारतीतून चार पैसे यावेत असे कोणाला वाटले, तर त्यात गैर काही नाही. इमारत पडून आहे, हे मात्र त्यांना माझ्या टिप्पणीने सांगितले होते. मागील तीन आर्थिक वर्षांचे पावती पुस्तक पाहून मी जमा रक्कम काढली, तिच्यासमोर वीजबिल आणि देखभालीचा खर्च मांडला आणि खाली लिहिले, "सभागृहाचा वापर अत्यल्प असून उत्पन्न नगण्य आहे." त्या तीन वर्षांत टाळेबंदीचा काळ होता आणि लग्नांवर निर्बंध होते, हेही मी लिहिले नाही.

सभेच्या आदल्या दिवशी, क्षेत्रफळाचा आकडा तपासण्यासाठी मी टेप घेऊन सभागृहात गेलो. तेथील पहारेकरी मामा निवृत्तीच्या जवळ आले होते. मोजमाप झाल्यावर त्यांनी किल्ली ठेवण्याच्या फळीवरून एक लांबट वही काढून पुसली. मी ती कशाची म्हणून विचारले. "ह्ये फुकटातलं हाय समदं, साहेब. तुमच्या कामाचं न्हाई," ते म्हणाले. एकदा सभागृहातील काही सतरंज्या हरवल्या होत्या आणि त्यांचा ठपका मामांवर आला होता. तेव्हापासून किल्ली कोणी, कधी आणि कशासाठी नेली हे ते लिहून ठेवत आणि नेणाऱ्याची सही घेत.

मी ती वही घरी नेली आणि रात्री उशिरापर्यंत वाचली. बचत गटांचे मेळावे, अंगणवाडी सेविकांची प्रशिक्षणे, निवडणूक कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणे, जिल्हा परिषद शाळेचे स्नेहसंमेलन, आषाढातील भजने, पीकविम्यासाठी शेतकऱ्यांची बैठक, शोकसभा आणि दरवर्षी १७ सप्टेंबरचा कार्यक्रम, असे सगळे तिच्यात होते. २०२१ च्या उन्हाळ्यात तर पानेच्या पाने लसीकरणाची होती. रोज किल्ली नेणाऱ्या आरोग्य सेविकेची सही शेवटी शेवटी नुसती एक रेघ उरली होती. यापैकी कशाचेही भाडे घेतलेले नव्हते, म्हणून पावती नव्हती, आणि पावती नव्हती म्हणून माझ्या लेखी ते घडलेच नव्हते. सभागृह ज्या दिवसांत सर्वांत जास्त गजबजलेले होते, नेमके तेच दिवस मी रिकामे धरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही मुख्याधिकारी साहेबांसमोर ठेवली आणि चूक सांगितली. त्यांनी पाने उलटली. "टिप्पणी सदस्यांकडे गेलेली आहे, ती आता बदलता येणार नाही. पण सभेत विचारणा झाली तर जे आहे ते सांगा," असे ते म्हणाले.

विषय पुकारला गेला तेव्हा दुपार टळून गेली होती. सूचकांनी माझीच टिप्पणी वाचून दाखवली. विरोधात पहिल्यांदा बोलल्या त्या कायदा जाणणाऱ्या एक नगरसेविका. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ९२ नुसार परिषद आपली स्थावर मालमत्ता तीन वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने देऊ शकते, भाडेकरूला तेथे कायमचे बांधकाम करता येत नाही आणि नगरपरिषद प्रशासन संचालकांच्या परवानगीने मुदत वाढवत नेली तरी ती एकूण नऊ वर्षांपुढे जात नाही, हे त्यांनी सांगितले. मग त्यांनी विचारले, "कायमचं बांधकाम करता येणार नसेल, तर भाडेकरू छत कशाच्या भरवशावर बदलणार? आणि तीन वर्षांची नऊ झाली, तर बचत गटाच्या बायांनी नऊ वर्षं बसायचं कुठं?" त्यावर समोरून उत्तर आले की सभागृहात कोणी बसतच नाही, टिप्पणीत तसे स्पष्ट लिहिलेले आहे.

त्यानंतर सर्वांत ज्येष्ठ सदस्य उठले. गावात सगळे त्यांना अप्पा म्हणतात. निजामाच्या राजवटीत गश्ती निशाण ५३ या हुकुमामुळे परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नसे आणि त्यांच्या वडिलांच्या पिढीने ते सोसले होते, असे त्यांनी सांगितले. "म्हणून तर गावानं आधी हा हॉल बांधला. इथं बोलायला कुणाची परवानगी लागू नये म्हणून." सभागृह कशासाठी बांधले होते, हा प्रश्न तोपर्यंत चर्चेत कोणी घेतलाच नव्हता. टिप्पणीत तर तो नव्हताच. मग अप्पांनी नगराध्यक्षांकडे वळून विचारले की वापर अत्यल्प हे कशावरून ठरवले.

नगराध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी उभा राहिलो, ते केवळ पावती पुस्तकावरून लिहिले आहे, विनामूल्य वापराची नोंद त्यात होत नाही आणि ती राहून गेली ही माझी चूक आहे, असे सांगितले आणि वहीतील नोंदी महिनावार वाचल्या. वाचताना आवाज कापत होता. अर्धी वही होण्याआधीच सूचकांच्याच बाजूचे एक सदस्य म्हणाले, "आमच्या आईचा लशीचा पहिला डोस तिथंच झाला." त्यानंतर त्या बाजूने मंगल कार्यालयाचा आग्रह कमी होत गेला, तरी संपला नाही, वही वाचून छत गळायचे थांबणार नाही, असे एकाने म्हटले, आणि ते खरे होते.

शेवटी उपसूचना आली. सभागृह नगरपरिषदेनेच चालवावे, लग्नकार्यांसाठी वेगळे आणि जास्त भाडे ठेवावे, राष्ट्रीय दिन व १७ सप्टेंबर राखून ठेवावेत आणि विनामूल्य वापराचीही शून्य रकमेची पावती फाडावी, असे तिचे स्वरूप होते. हात वर करून मतदान झाले आणि उपसूचना दोन मतांच्या फरकाने मंजूर झाली. त्याच अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन ठराव स्थगित करून घेऊ, असे काही जण म्हणाले. पुढे कोणी गेले नाही. इतिवृत्तात मी माझे निवेदन शब्दशः घेतले.

नंतर परिषदेची मुदत संपून प्रशासक आले. पत्र्यांचे अंदाजपत्रक दोनदा तांत्रिक मान्यतेसाठी गेले आणि दोनदा त्रुटी काढून परत आले. दोन्ही वेळा त्रुटींची पूर्तता मीच लिहिली. मामा निवृत्त झाले. नवीन पहारेकरी शून्य पावत्यांचे पुस्तक महिन्याच्या अखेरीस माझ्या टेबलावर आणून ठेवतो, आणि मी त्या पावत्या जमा रकमेच्या शेजारी, वेगळ्या रकान्यात, एकेक करून उतरवून घेतो.