बायांचा बाण कुठं हाय?

परतवाड्याहून निघालेली एसटी सेमाडोहच्या पुढे आली, तेव्हा माझ्या मांडीवर गुंडाळी करून ठेवलेला नकाशा होता. तीन रात्री जागून केलेला. त्यावर एक जाड लाल बाण होता. तो लाओस-कंबोडियाकडून निघून बंगाल, छोटा नागपूर ओलांडत सातपुड्यात, थेट मेळघाटात येऊन थांबत होता. मला त्या बाणाचा अभिमान वाटत होता.

दीड वर्षापूर्वी सिपना नदीजवळच्या या चाळीस-पन्नास घरांच्या कोरकू आदिवासी गावातून आम्ही डीएनए तपासायला लाळेचे नमुने नेले होते. (सिपना म्हणजे कोरकूत साग. नदीचं नावच सागावरून पडलं आहे.) लाळ घेणं ऐकायला सोपं वाटतं. पण नळीत दोन मिलिलीटर लाळ भरायची, तर आधी अर्धा तास तोंडात काही नको, आणि आमच्या भागात अर्धा तास तंबाखूशिवाय बसणारा माणूस शोधावा लागतो. लोकांनी चुळा भरल्या, वाट पाहिली, नळ्या भरून दिल्या. एका म्हातारीनं मात्र तेव्हा साफ नकार दिला होता. तिचं कोरकू बोलणं भाषांतर करणाऱ्या आशाताईनं मला सांगितलं होतं: "आजी म्हणते, मागं एकदा आमचं रक्त नेलं होतं. त्याचं काय झालं हे सांगाले कोणी आलं नाही."

ते रक्त कोणी नेलं होतं, कशासाठी, हे गावात कोणालाच आठवत नव्हतं. मी आजींना म्हटलं होतं, मी सांगायला येईन. म्हणून आले होते.

शाळेसमोरच्या मोहाखाली माणसं जमली. आशाताई कोरकूत भाषांतर करणार होती. मी सुरुवात केली ती शाळेतल्या पोरांना दहापर्यंत मोजायला लावून, कोरकूत. मिया, बारी, अफई, उफुन, मोनोई, तुरुई, एई, इलार, आरेई, गेल. मग मी वहीतून वाचलं, की झारखंडातले संथाल सहाला तुरुय म्हणतात आणि दहाला गेल. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्याहून पलीकडे, समुद्रापार कंबोडियात तीनला बेई म्हणतात आणि चारला बुऑन, असं सांगितल्यावर एक म्हातारे बाबा स्वतःशीच "अफई, उफुन" असं दोन-तीनदा पुटपुटले. ही सगळी एकाच भाषाकुळाची, ऑस्ट्रोएशियाटिक कुळाची लेकरं. मराठी, गोंडी यांच्याशी कोरकूचं नातं नाही.

मग मी नकाशा उलगडला. बापाकडून फक्त मुलालाच मिळणारं वाय गुणसूत्र आडनावासारखं पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातं, आणि कधीमधी त्यात डीएनएचं एखादं अक्षर बदललं की तो बदलही पुढे जातो. ओ-एम९५ ही अशीच एक खूण. ती आग्नेय आशियात भरपूर आहे, निकोबारात आहे आणि मुंडा भाषा (कोरकू, संथाली त्यातल्याच) बोलणाऱ्या लोकांत आहे. या गावातल्या बऱ्याच पुरुषांत ती निघाली. उरलेल्यांत प्रामुख्यानं एच नावाची शाखा होती, जी भारतीय उपखंडात फार जुनी आहे. पूर्वेकडून माणसं आली ती साधारण चार हजार वर्षांच्या आतबाहेर. मी उत्साहानं लाल बाणावरून बोट फिरवलं.

वनहक्काच्या दाव्यांचं काम बघणारा एक तरुण मागे उभा होता. तो मराठीतच बोलला.

"मॅडम, मंग आमी भाईरचे झालो ना?"

कोणी हललं नाही.

"उद्या हा कागद कोणी दाखवला, का बापा, हे तर तिकून आले, यायचा जंगलावर कायचा हक्क, तर मी काय सांगू?"

हा प्रश्न मी प्रयोगशाळेत कधी ऐकला नव्हता. ज्यांची गावं वाघांच्या राखीव क्षेत्रातून उठली आहेत, ज्यांच्या फायली वर्षानुवर्षं पडून आहेत, त्यांना हा प्रश्न पहिल्यांदा पडणारच. तो मला आधी पडायला हवा होता. मी म्हणाले, "दादा, लाळेवरून कोणाचा हक्क ठरत नाही. ठरूही नये." आणि दुसरी गोष्ट सांगितली, जी मी नकाशावर काढलीच नव्हती. मी जी मराठी बोलते तिची पूर्वज भाषा आणणारी माणसंही बाहेरून आली. २०१९ साली वागीश नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचशेहून जास्त प्राचीन सांगाड्यांचा डीएनए तपासून दाखवलं, की मध्य आशियाच्या गवताळ मुलखातली माणसं साधारण चार ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी वायव्येकडून इकडे उतरली. म्हणजे तुमचे काही आजे-पणजे उगवतीकडून येत होते, त्याच सुमारास माझे काही वायव्येकडून.

तो ऐकत होता, पण पटलं असं दिसलं नाही. तेवढ्यात आशाताई भाषांतर थांबवून माझ्याकडे वळली.

"मॅडम, हा तर माणसायचा बाण झाला. बायांचा बाण कुठं हाय?"

मी पटकन म्हणून गेले, "ताई, बाया तर इथंच होत्या. म्हणून बाण नाही."

म्हटलं आणि माझी मीच थबकले. आईकडून मिळणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए, अवघी १६,५६९ अक्षरं. ती मुलामुलीला दोघांनाही मिळतात, पण पुढे देते फक्त मुलगी. या गावातल्या नमुन्यांत ती अक्षरं जवळजवळ सगळी भारतातल्याच जुन्या शाखांची निघाली होती, विशेषतः एम नावाच्या मोठ्या शाखेच्या उपशाखा. आफ्रिकेतून निघालेली माणसं या उपखंडात पोचली त्या काळापर्यंत, म्हणजे पन्नास हजार वर्षांच्या आसपास, या शाखांचं मूळ जातं. इतर मुंडा लोकांतही हेच दिसलं आहे: पूर्वेकडून आले ते मुख्यतः पुरुष, आणि त्यांनी संसार केला इथल्या बायांशी. हे सगळं माझ्या तक्त्यात होतं. नकाशावर मात्र जो चालला त्यालाच रेघ मिळाली होती. जी इथंच राहिली तिला एक ठिपकासुद्धा नाही.

मी हे सगळं मराठीत सांगितलं आणि आशाताईनं कोरकूत. तिला माझ्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. मग तिनं माझ्या हातातला काळा मार्कर घेतला आणि विचारलं, "कुठं काढू?" मी सातपुड्याचा पट्टा दाखवला. तिनं त्यावर एक मोठा गोल काढला आणि आत लिहिलं, माय. तो तरुण पुढे आला, गोलाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हा कागद गावात ठेवा."

नकाशा शाळेच्या भिंतीवर लागला. मी नळ्यांची पेटी आवरत होते, तेवढ्यात आजी समोर येऊन बसल्या. आशाताई हसली. "म्हणते, आता घे. तू आली ना सांगाले."

त्यांच्या गालात तंबाखू होती. चूळ भरून झाली आणि आम्ही अर्धा तास बसलो. त्या अर्ध्या तासात आजींनी सांगितलं, की हा डोंगर आधी ओसाड होता. रावणानं महादेवाला विनवलं, इथं माणसं हवीत. महादेवानं कावळ्याला लाल माती शोधायला धाडलं आणि त्या मातीच्या दोन बाहुल्या केल्या. इंद्राच्या घोड्यांनी त्या तुडवल्या. मग महादेवानं मातीचीच दोन कुत्री करून त्यांच्यात जीव घातला, त्यांनी घोडे पळवले, आणि तेव्हा कुठे बाहुल्या जिवंत झाल्या. मुला आणि मुलाई. माती इथलीच होती, हे आजींनी दोनदा सांगितलं. आशाताईनंही मला ते दोनदा सांगितलं.

म्हाताऱ्या माणसाचं तोंड कोरडं असतं. आशाताईनं जिभेवर साखरेचे चार दाणे ठेवले, गाल हळूहळू चोळले. नळी रेघेपर्यंत भरायला बराच वेळ गेला. झाकण लावलं, द्रव मिसळला, आता फक्त फॉर्म राहिला. नाव, वय, जन्मगाव. आईचं गाव. शेवटचा रकाना होता आईच्या आईच्या गावाचा. मी विचारलं.

आजींनी नाव सांगितलं नाही. नदीपलीकडच्या डोंगराकडे हात केला.

"म्हणते, ते लिही," आशाताई म्हणाली.