घरातली शेकोटी आणि धुराची वाट

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. मे महिन्यात ४५ अंशांची सवय असलेल्या आमच्या घराला थंडी अडवण्याची कोणतीच सोय नव्हती. त्या रात्री मी सासूबाईंच्या खोलीत लाकडी कोळशाची शेगडी ठेवली, निखारे चांगले फुलले, धूर पूर्ण थांबला, आणि धूर नाही म्हणजे धोका नाही अशा समजुतीने मी दार लावून घेतले. पहाटे आईंना (सासूबाईंना मी आईच म्हणते) उलट्या झाल्या, डोके फुटेल असे दुखू लागले आणि त्यांना उठून उभेही राहता येईना. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो खोलीत शेगडी होती का, हाच. कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. धूर न देणाऱ्या निखाऱ्यांतून तो निघतच राहतो. ऑक्सिजन लावल्यावर आई बऱ्या झाल्या, परंतु ते दार मी माझ्या हाताने लावले होते, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

आईंचे माहेर चिखलदऱ्याच्या बाजूचे. थंडीत विस्तवाजवळ बसणे ही त्यांची आयुष्यभराची सवय, आणि विजेच्या हीटरजवळ त्यांचे मन रमत नाही. त्यामुळे घरात विस्तव ठेवायचाच असेल तर तो धुराड्यासह, भिंतीत, कायमचा आणि सुरक्षित बांधायचा, असे आम्ही ठरवले. पुढचा पावसाळा ओसरल्यावर काम सुरू करायचे होते आणि मधले महिने मी वाचण्यात व विचारपूस करण्यात घालवले. या काळात एक गोष्ट मला स्पष्ट समजली. अशा बांधकामात विस्तवाची जागा हा सर्वांत सोपा भाग असतो. खरे काम असते ते धुराला बाहेर जाण्याची वाट, खोलीत ताजी हवा येण्याची वाट आणि विस्तव व जळू शकणाऱ्या प्रत्येक वस्तूमधले अंतर ठरवण्याचे.

आमचे घर मानेवाड्याकडे, एकमजली, काँक्रीटच्या खांबांवर उभे. पहिल्या मिस्त्रींनी स्लॅबला भोक पाडून त्यातून ६ इंची सिमेंटचा पाइप वर काढण्याचा सल्ला दिला. असे पाइप आपल्याकडे अनेक ठिकाणी धुराडे म्हणून वापरलेले दिसतात, परंतु जुन्या पाइपांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि तीव्र उष्णतेने ते तडकून फुटूही शकतात. शिवाय भोक कोठेही पाडले की स्लॅबमधल्या सळया तुटतात. म्हणून आम्ही एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नकाशा करून घेतला. त्यांनी स्लॅबला हात न लावता बैठकीची बाहेरची भिंत निवडली, कारण ती दोन खांबांमधली नुसती भराव भिंत होती आणि तिच्यावर छताचा भार नव्हता. शेकोटीची पोकळी भिंतीबाहेर काढायची आणि धुराडे घराला खेटून बाहेरूनच वर न्यायचे, असे ठरले.

बाहेरच्या धुराड्याला स्वतःचा पाया लागतो. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घराचा पाया आणि धुराड्याचा पाया वेगवेगळ्या गतीने हलले तर दोघांना एकत्र बांधणारी भिंत फाटते. धुराड्याचे वजन ५ टनांहून अधिक भरणार होते. त्यामुळे काळी माती संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत, म्हणजे ५ फूट, खोदावे लागले. घराची भिंत आणि नवे बांधकाम यांच्यामध्ये फट ठेवून तिच्यात भट्ट्यांसाठी मिळणारे सिरॅमिक फायबरचे ब्लँकेट भरले, जेणेकरून दोन्ही बाजू आपापल्या जागी हलू शकतील आणि उष्णताही घराच्या भिंतीपर्यंत पोहोचणार नाही.

त्याच भिंतीतून एअर कंडिशनरची वायर गेलेली होती. प्लास्टरखालचा प्लॅस्टिकचा पाइप कोणाच्या लक्षातही राहत नाही. आम्ही इलेक्ट्रिशियनला आधी बोलावून ती संपूर्ण लाइन दुसऱ्या भिंतीवर नेली. कूलरची खिडकीही याच भिंतीत होती, तीही हलवावी लागली.

पोकळीच्या आतल्या बाजूला फायर ब्रिक, म्हणजे तीव्र उष्णता सहन करणारी वीट वापरली. कामठी, हिंगणा, बुटीबोरी या पट्ट्यात भट्ट्या आणि कारखाने असल्याने २३० बाय ११५ बाय ७५ मिलिमीटरची ही वीट नागपुरात सहज मिळते. वीट चांगली असली तरी जोडणी चुकली तर सर्व व्यर्थ जाते. आमच्या मिस्त्रींनी पहिले दोन थर नेहमीच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यात रचले होते. सिमेंट त्या उष्णतेला टिकत नाही. त्यातले पाणी निघून जाते आणि सांधा भुरभुरीत होऊन गळतो. ते थर काढून फायर क्लेच्या, म्हणजे उष्णता सहन करणाऱ्या मातीच्या मसाल्यात पुन्हा रचून घेतले. हा मसाला अगदी पातळ लावायचा असतो, सांधा ५-६ मिलिमीटरपेक्षा जाड नको. मिस्त्री प्रत्येक वीट मसाल्यात बुडवून, दाबून, बाजूला आलेला मसाला बोटाने निपटून काढत होते. हे काम मी दिवसभर पाहत बसले आणि त्यांच्या हाताची सफाई पाहून मनापासून समाधान वाटले. मागची भिंत वर जाताना किंचित पुढे झुकवली आणि दोन्ही बाजू तिरप्या ठेवल्या, त्यामुळे धग खोलीकडे वळते. तोंडावरच्या लोखंडी अँगलच्या दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा सोडली, कारण तापल्यावर लोखंड लांबते आणि जागा मिळाली नाही तर विटा ढकलते.

धुराड्याच्या उंचीवरून आमच्यात थोडा वाद झाला. मिस्त्री म्हणाले, "ताई, येवढी उंच चिमणी काहून पायजे? धूर तं आपोआपच वर जाते." धूर वर जातो हे खरे, परंतु तो गच्चीवर आपटून खाली येणाऱ्या वाऱ्याबरोबर परतही येतो. यासाठी जगभर वापरला जाणारा नियम असा आहे की, धुराडे छतातून बाहेर पडते तेथून ते किमान ३ फूट उंच असावे आणि १० फुटांच्या आत असलेल्या कोणत्याही बांधकामापेक्षा किमान २ फूट उंच असावे. आमच्या जिन्याची खोली ७ फुटांवर आणि ८ फूट उंच आहे, त्यामुळे धुराडे गच्चीपासून १० फूट वर न्यावे लागले. एप्रिल-मे महिन्यांतल्या आमच्याकडच्या वादळांचा विचार करून इंजिनिअरांनी चारही कोपऱ्यांत सळया घालायला सांगितल्या. माथ्यावर पाऊस अडवणारी टोपी आणि भोवती जाळी बसवली. जाळीमुळे ठिणगी बाहेर उडत नाही आणि पक्षी आत घरटे करत नाहीत. आमचा धूर शेजाऱ्यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊ नये, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटत होते, म्हणून उंचीत १ इंचही कमी करू दिला नाही.

एक चूक मात्र माझ्यामुळे झाली. नकाशात शेकोटीचे तोंड ३० इंच रुंद आणि २७ इंच उंच होते. भिंत मोठी असल्याने ते फार लहान दिसेल असे मला वाटले आणि मी ऐन कामात ते ३६ बाय ३० करायला लावले. धुराड्याची आतली पोकळी मात्र ९ बाय ९ इंचच राहिली. चौकोनी धुराड्याच्या पोकळीचे क्षेत्रफळ शेकोटीच्या तोंडाच्या साधारण एकदशांश असावे लागते. नकाशाप्रमाणे ८१० चौरस इंचांच्या तोंडाला ८१ चौरस इंचांची पोकळी बरोबर बसत होती. माझ्या बदलाने तोंड १,०८० चौरस इंचांचे झाले आणि हिशेब बिघडला.

बांधकाम ४ आठवडे वाळू दिल्यानंतर आम्ही पहिला छोटा जाळ केला. सुरुवातीला धूर वर गेला, पण काही मिनिटांत तोंडाच्या वरच्या कडेवरून धुराची एक पातळ पट्टी खोलीत येऊ लागली आणि छताला लागून पसरली. आईंना मी आधीच मागच्या खोलीत बसवले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू असल्याचे लक्षात आले. हा पंखा घरातली हवा बाहेर फेकतो आणि तिची जागा भरायला धुराड्यातून हवा खाली ओढली जाते. पंखा बंद केला, खिडकी उघडली, तेव्हा धूर बराच कमी झाला, पण थांबला नाही. मग मिस्त्रींनी पत्र्याचा एक लांब तुकडा घेऊन तोंडाच्या वरच्या कडेला धरला आणि हळूहळू खाली सरकवला. पत्रा ३ इंच खाली येताच बाहेर येणारी धुराची पट्टी आत वळली. मिस्त्रींनी तेथेच खडूची खूण केली आणि म्हणाले, "पाहा ताई, आता घेऊन रायली चिमणी." इंजिनिअरांनी तळाशी फायर ब्रिकचा एक आडवा थर आणि दोन्ही बाजूंना उभ्या विटांची एकेक रांग घालून दिली. विटेची जाडी ७५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास ३ इंच; त्यामुळे तोंड नकाशातल्या ३० बाय २७ मापावर बरोबर परत आले. त्यानंतर खोलीत धूर आलेला नाही.

हवेच्या बाबतीत नागपूरच्या घरांची एक अडचण मला मुद्दाम सांगावीशी वाटते. थंडी सुरू झाली की आपण कूलर काढून ती खिडकी प्लायवूडने आणि वर्तमानपत्रांनी घट्ट बंद करतो. शेकोटी असलेल्या खोलीत हे करून चालत नाही, कारण जळण्यासाठी लागणारी हवा कोठून तरी आत यावी लागते. आम्ही आता शेकोटी पेटवण्याआधी एक खिडकी दोन बोटे उघडी ठेवतो, एक्झॉस्ट फॅन बंद करतो आणि धुराड्याची लोखंडी झडप पूर्ण उघडली आहे याची टॉर्चने खात्री करतो. बैठकीत एक आणि आईंच्या खोलीत एक असे कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म लावले आहेत, आणि त्यांचे बटण दाबून पाहणे हे महिन्याच्या १ तारखेचे ठरलेले काम आहे. राख थंड वाटली तरी निखारा तिच्यात बराच काळ जिवंत राहतो, म्हणून झडप रात्रभर उघडीच असते.

शेकोटीपुढच्या दगडी ओट्याला लोक शोभेची वस्तू समजतात. तो असतो उडालेली ठिणगी आणि घसरलेले लाकूड झेलण्यासाठी. आमच्या मापाच्या तोंडाला पुढे १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच इतका ओटा पुरतो, परंतु आम्ही पुढे २० आणि बाजूंना १२ इंच घेतला. खाली काँक्रीट, वर शहाबादी फरशी. नदीतला गोटा किंवा ओल धरणारा दगड तापल्यावर फुटू शकतो, म्हणून तो टाळला. सुताराला तोंडाच्या अगदी वर सागवानी फळी बसवायची होती. लाकडासाठी किमान १२ इंचांचे अंतर लागते. आम्ही १८ इंच सोडले. पडदे त्या भिंतीवर नाहीतच, आणि आईंची सतरंजी ओट्यापासून ३ फुटांवर अंथरली जाते. पुढे लोखंडी जाळी आणि कोपऱ्यात अग्निशामक सिलिंडर आहे.

पहिले सात दिवस फक्त काटक्यांचा जाळ केला आणि तो रोज थोडा वाढवला, कारण नव्या विटांतली उरलेली ओल एकदम वाफ झाली तर सांधे फाटतात. जळणासाठी टालीवरून बाभूळ आणली. तिचा निखारा दीर्घकाळ टिकतो. ती आम्ही आदल्या हिवाळ्यानंतरच तोडलेली घेतली होती आणि गच्चीवर पत्र्याखाली, विटांवर रचून उन्हाळाभर वाळवली. ओल्या लाकडाचा धूर धुराड्यात डांबरासारखा चिकटतो आणि पुढे तोच पेट घेतो. प्लायवूड, सनमायका आणि रंगवलेल्या जुन्या चौकटी शेकोटीत कधीही घालत नाही, आणि दगडी कोळसाही नाही.

राख लोखंडी बादलीत झाकण लावून अंगणात चार दिवस ठेवली जाते, मगच झाडांना घातली जाते. मार्च लागला की मिस्त्री गच्चीवरून काठीला बांधलेला तारेचा ब्रश धुराड्यात सोडतात आणि मी खालच्या छोट्या दारातून काजळी काढते. काजळीचा थर ३ मिलिमीटर झाला की साफसफाई टाळू नये, असे मी वाचले होते. आमच्याकडे पहिल्या वर्षी अर्धे घमेले निघाली, बहुतेक कोरडी आणि भुरभुरीत. त्यानंतर झडप बंद केली, कारण उघडी राहिली तर कूलरची सगळी गार हवा धुराड्यातून निघून जाते. आईंनी सतरंजीची घडी केली आणि "दिवाळीनंतर काढू," म्हणत ती कपाटात ठेवली.