एफ 11, एफ 12

रविवार, दुपारचे पावणेचार. आमच्या दादरच्या नाट्यगृहावर हाऊसफुल्लचा बोर्ड लागलेला. मी चहाचा पहिला घोट घेतोय तोच डोअरकीपर एका काका-काकूंना खिडकीवर घेऊन आला. "यांच्या जागांवर दुसरीच माणसं बसलीत."

काकांनी मोबाइल काचेला टेकवला. मेसेजमध्ये दादर, दुपारी 4, एफ 11-12. मेलवर आलेलं तिकीट उघडलं तर नाटक तेच, जागा त्याच, पण रात्री साडेआठ, बोरिवली! माझ्या प्लॅनवर एफ 11-12 वर कधीच लाल फुली पडलेली.

"मग बोरिवलीला जातो," काका म्हणाले. रविवारचा मेगाब्लॉक, काकूंचा गुडघा बांधलेला. "अहो, घरीच जाऊ या."

मी ॲपवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या मुलाचं एकच पालुपद: कन्फर्म तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. हा नियम मलाही पाठ आहे, रोज मीच लोकांना ऐकवतो. पण तो बेत बदलणाऱ्यांसाठी. मागितलं एक आणि पाठवलं भलतंच, तिथे तो कसा लागेल?

"काका, तक्रार साडेआठच्या आत गेली पाहिजे. तिकडे पडदा उघडला की 'तुम्हीच आला नाहीत' म्हणायला ते मोकळे." मेसेज आणि तिकीट, दोन्हींचे स्क्रीनशॉट जोडून मेल मीच टाइप केला. पैसे आले नाहीत तर 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा, हेही सांगितलं.

निर्मात्याच्या कोट्यातल्या दोन जागा निघाल्या, तीनशेच्या, त्याही बाल्कनीत. तिसऱ्या घंटेला काकू कठडा धरून एकेक पायरी चढत होत्या. मला बघवेना.

मेलला उत्तर आलंच नाही. 1915 वर तक्रार गेल्यावर आठवड्याने हजार रुपये जमा झाले. कन्व्हिनियन्स फीचे 40 आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी, 7 रुपये 20 पैसे, तेवढे कापून! काका बँकेतून निवृत्त झालेले. ते पुन्हा भांडले आणि 47 रुपये 20 पैसे वसूल केले. तो मेसेज दाखवायला मुद्दाम खिडकीवर आले.

आले तसे पुढच्या रविवारची दोन तिकिटं रोख काढली, खालची, कडेची. चष्मा लावून नाट्यगृह, तारीख, वेळ बोट ठेवत वाचलं. मग तिकीट उलटं करून मागची बाजूही बघितली.