तिसरा शंकू दिसला की पूर्ण डावीकडे

ट्रेलरच्या लायसन्सची परीक्षा मी दोनदा दिली. पहिल्यांदा रिव्हर्समध्ये नापास झालो. दुसऱ्यांदा त्याच रिव्हर्समध्ये एकही चूक न होता पास झालो. मधल्या तीन आठवड्यांत गाडीवरचा हात फार सुधारला होता असं नाही. शंकू कुठे ठेवलेले असतात ते पाठ झालं होतं, एवढंच.

परीक्षेचं मैदान ठरलेलं होतं. एका खुणेपासून निघायचं, मधल्या शंकूला वळसा घालून मागे यायचं, दोन दांड्यांच्या मधल्या जागेत ट्रेलर घालायचा आणि शेवटच्या आडव्या दांडीच्या अलीकडे आखलेल्या पट्ट्यात मागची कड थांबवायची. गाडी रिकामी, जमीन सपाट, वळण ड्रायव्हरच्या बाजूचं. पुढे घेऊन गाडी सरळ करायची मुभा दोनदा आणि खाली उतरून बघायची मुभाही दोनदाच.

पहिल्या परीक्षेत मी तिसऱ्यांदा उतरलो. ट्रेलरची मागची कड दांडीपासून किती लांब आहे याचा आरशात अंदाज येत नव्हता. बहिर्गोल आरशात सगळं असतं त्यापेक्षा लांब दिसतं, त्यामुळे त्यावर विसंबून पुढचे दोन हात मागे जाणं मला धोक्याचं वाटलं. पार्किंग ब्रेक लावला, उतरलो, मागे जाऊन बघितलं, परत येऊन गाडी बरोबर पट्ट्यात लावली. कशालाही धक्का लागला नव्हता. तरी नापास.

मग शिकवणाऱ्या सरांनी मला सूत्रच दिलं. "तिसरा शंकू आरशाच्या खालच्या कोपऱ्यात दिसला की स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. पहिली दांडी दाराच्या हँडलपाशी आली की सरळ कर. आणि खाली उतरू नकोस." सर चांगले होते. मुलं पास व्हावीत म्हणून ते परीक्षेला लागेल तेवढंच शिकवत होते. मी ते घोकलं आणि पास झालो.

ट्रेलर मागे घेण्याचं खरं कसब सूत्रात बसत नाही. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरची शेपूट उजवीकडे जाते, हे पहिल्याच दिवशी कळतं. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरलं तर हात ज्या दिशेला जातो त्याच दिशेला शेपूट जाते, ही युक्ती दुसऱ्या दिवशी कळते. पण शेपूट कधी वळायला लागेल हे ट्रेलरवर ठरतं. आखूड ट्रेलर लगेच ऐकतो, लांब ट्रेलर उशिरा ऐकतो, पण एकदा वळायला लागला की त्याला परत सरळ करायलाही तितकाच वेळ लागतो. कोन फार वाढू दिला तर केबिन आणि ट्रेलर चाकूसारखे एकमेकांवर दुमडायला लागतात. तिथून मागे जाऊन सुटका नसते, गाडी पुढेच घ्यावी लागते. हे सगळं डोळ्यांनी आणि हातांनी शिकायचं असतं. मी ते नोकरी लागल्यावर शिकलो, लोकांच्या मालासकट.

कामाच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री, पावसात, एका गोदामाच्या डॉकला, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याला, गाडी लावायची होती. दोन्ही बाजूंना उभे ट्रेलर, आणि वळण आंधळ्या बाजूचं, म्हणजे ड्रायव्हर बसतो त्याच्या विरुद्ध बाजूला. त्या बाजूला वळताना ट्रेलरचा मागचा कोपरा आरशातून निघून जातो आणि आरशात उरतो तो फक्त ट्रेलरचा पत्रा. खिडकीतून वाकूनही काही दिसत नाही. तिसरा शंकू कुठून येणार?

मी अगदी सावकाश आत घेतली. खालचा बंपर डॉकच्या रबरापासून अजून हातभर लांब असेल असं वाटत होतं. मागे उभा असलेला माणूसही हात हलवत "येऊ द्या दादा, येऊ द्या" म्हणत होता. तरी मी थांबलो, ब्रेक लावला आणि उतरलो. डॉककडे जाणारी जमीन उतरती होती. ट्रेलर मागे झुकला होता, त्यामुळे त्याचा वरचा कोपरा खालच्या बंपरच्या कितीतरी आधी भिंतीपाशी पोचला होता. वरच्या पत्र्याच्या छपराच्या कडेत आणि त्याच्यात फार तर वीतभर अंतर होतं. मागच्या माणसाचं लक्ष खाली बंपरकडे होतं. माझंही तोवर खालीच होतं, कारण शंकू गुडघ्याएवढे असतात आणि त्यांच्यावर शिकलेल्या माणसाची नजर जमिनीवरच राहते.

परीक्षेत मला ज्यासाठी नापास केलं होतं, त्यानेच त्या रात्री छप्पर वाचलं. हा राग अजून माझ्या मनात आहे.

परीक्षा थेट चालू गोदामात घ्यावी असं मी म्हणत नाही. नवख्याची चूक शंकूवरच निघाली पाहिजे, माणसावर नाही, आणि प्रत्येक उमेदवाराला सारखीच अडचण मिळाली पाहिजे, हे मान्य आहे. पण शंकूंच्या तीन-चार मांडण्या तयार ठेवून ऐन वेळी त्यांतली एक द्यायला काय हरकत आहे? घोकंपट्टी तिथेच संपेल. एक वळण आंधळ्या बाजूचं हवं. एक अडथळा उंचावर हवा, दोन खांबांवर आडवी दोरी बांधली तरी पुरे. ट्रेलरवर वजन हवं, कारण भरलेली गाडी क्लचला आणि ब्रेकला वेगळीच वागते. 1,000 लिटरच्या टाक्या पाण्याने भरून ठेवल्या तर प्रत्येकीचं साधारण 1 टन वजन होतं, आणि परीक्षा झाली की पाणी सोडून देता येतं.

आणि उतरण्यावरची मर्यादा काढून टाका. वेळ हवा तर मोजा. पण ब्रेक न लावता उतरला तर गुण कापा, दिसत नसताना मागे येत राहिला तर सरळ नापास करा. उतरून मागे गेला, खाली बघितलं, वर बघितलं आणि मग परत येऊन गाडी लावली, तर त्याचे गुण द्या.