देव नंतर, आधी बांध

नवं जग रचायला बसलं की लोक आधी देव आणि राजे ठरवतात. मी पाणी ठरवते. माझ्या कादंबरीतले खारकर खाडीकाठचे. त्यांची शेती सरळ गोव्यातल्या खाजन जमिनींवरून, म्हणजे खाडीच्या पाण्याला बांध घालून मिळवलेल्या शेतांवरून उचललीय. तिथे बांधात मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची झडप. तिची लाकडी दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. खारेपणा सोसणारा कोरगुट भात पिकतो. बांध फुटला तर सगळ्यांचीच शेतं बुडणार. म्हणून खारकरांत खुनाहून मोठा गुन्हा कोणता, तर बांधातलं खेकड्याचं बीळ बघून गप्प बसणं! नायिका सावळू मानस राखते, भरतीच्या वेळा तिला तोंडपाठ. नवरा डोंगराकडचा, घरजावई. ओहोटी बघून जेवायची सवय त्याला काही केल्या लागत नाही आणि सासू टोमणे सोडत नाही. तलवारी वगैरे येतील तिसऱ्या प्रकरणात.