नॅव्हिगेटर थेट गाडीच्या वायरिंगवर: आतापर्यंतचं काम

लाइटर सॉकेटमधून लोंबणारी वायर काढून नॅव्हिगेटरला (जीपीएसवर रस्ता दाखवणाऱ्या यंत्राला) गाडीच्या वायरिंगमधूनच करंट द्यायचा, हे काम आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय. मला हवं होतं ते एवढंच: किल्ली फिरवली की तो जागा व्हावा, काढली की झोपावा, आणि सॉकेट दुसऱ्या कामाला मोकळं राहावं. वायर दिसू नये हेही होतंच, पण तो भाग तुलनेने सोपा. खरा वेळ गेला तो करंट कुठून घ्यायचा आणि गाडीच्या १२ व्होल्टचे यंत्राला लागणारे ५ व्होल्ट कुठे करायचे या दोन प्रश्नांवर.

सुरुवात केबलपासून केली. यंत्र मिनी यूएसबीवर चालतं, त्यामुळे मोबाइलसाठी मिळतो तसा कुठलाही कन्व्हर्टर आणि साधी केबल चालेल असं वाटतं. तसं होत नाही. साधी डेटा केबल लावली की असे बरेच नॅव्हिगेटर स्वतःला संगणकाला जोडलंय असं समजतात. पडद्यावर संगणकाचं चित्र येतं आणि नकाशा गायब होतो. मिनी यूएसबीत पाच पिना असतात, त्यातली चौथी आयडी पिन, म्हणजे काय जोडलंय हे यंत्राला ओळखायला. गार्मिन या नॅव्हिगेटर बनवणाऱ्या कंपनीच्या कित्येक मॉडेलांच्या कार केबलमध्ये ही पिन टोकातल्या टोकात एका रेझिस्टरमधून ग्राउंडला नेलेली असते. तो दिसला की यंत्राला कळतं, आपण गाडीत आहोत, नकाशा चालू ठेवायचा. म्हणून कंपनीचीच केबल ठेवायची आणि तिचं यंत्राकडचं टोक कापायचं नाही, हे पहिल्यांदा ठरवलं.

मग तिचा लाइटर प्लग उघडला. टोकाची रिंग फिरवली की आतून स्प्रिंग आणि छोटा काचेचा फ्यूज बाहेर येतो. पुढे दोन्ही अर्धुकं पातळ पातं घालून हळूहळू सुटी केली. आत १२ चे ५ व्होल्ट करणारा, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा बोर्ड: एक कॉइल, एक आठ पायांची आयसी, दोन कपॅसिटर. मधल्या स्प्रिंगचा सांधा म्हणजे प्लस, बाजूच्या पट्ट्या म्हणजे मायनस. इनपुटच्या कपॅसिटरवर ३५ व्होल्ट छापलेलं होतं, ते बघून बरं वाटलं. स्वस्त बोर्डांवर इथे १६ व्होल्टचाही दिसतो, आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ च्या वर देतो. म्हणजे हाताशी काहीच उरत नाही.

बोर्डाच्या इनपुटला ०.५ चौरस मिलिमीटरच्या दोन वायरी सोल्डर केल्या, लाल आणि काळी. तिथेच प्लस-मायनसच्या मध्ये एक टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका दाबणारा) लावला, १८ व्होल्ट स्टँड-ऑफचा, म्हणजे तेवढ्यापर्यंत तो गप्प बसतो. तो साधारण २९ व्होल्टला झटका दाबतो, म्हणजे कपॅसिटरच्या ३५ च्या आत. अल्टरनेटर चार्जिंग करत असताना बॅटरीचं टर्मिनल सुटलं, तर लाइनवर नेहमीच्या कित्येक पट व्होल्टचा झटका येतो. हा डायोड त्यासाठी. कुणी २४ व्होल्टच्या ट्रकवरून जंप दिलाच तर डायोड करंट ओढेल आणि फ्यूज उडेल. माझ्या मते असंच व्हायला हवं. त्यावरून मोठी हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवून सगळं गुंडाळलं. प्लगमधला काचेचा फ्यूज इथे गेला, त्याची जागा फ्यूज बॉक्समधला घेणार.

आता हा बोर्ड ठेवायचा कुठे? मोह होतो तो फ्यूज बॉक्सजवळ ठेवून पुढे लांब यूएसबी केबल नेण्याचा. पण आकडे बघा. बारीक यूएसबी केबलमधली पॉवरची तार बऱ्याचदा २८ गेजची असते, मीटरला साधारण ०.२१ ओहम. दोन मीटर लांबी म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर. १ अँपिअरला ०.८५ व्होल्ट वाटेतच गळतात. पाचातून एवढे गेले की यंत्राला चार्जिंग पुरत नाही, आणि लांब प्रवासात आतली बॅटरी वर नकाशा चालू असतानाच उतरत जाते. उलट १२ व्होल्टच्या बाजूला तेवढ्याच कामाला अर्धा अँपिअर पुरतो, तार जाड, आणि चुकून अर्धा व्होल्ट गळला तरी बोर्डाला फरक पडत नाही. म्हणून १२ लांब न्यायचे आणि ५ यंत्राजवळ करायचे. बोर्ड डॅशच्या मधल्या पॅनेलमागे बसवला. मूळ केबल उरली, ती न कापता आठच्या आकड्यात दुमडून बांधली.

यंत्राजवळ म्हणजे यंत्राला चिकटून मात्र नाही. जीपीएसचा एल-१ सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि जमिनीवर पोचेपर्यंत जेमतेम उणे १३० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) उरतो. एवढ्या क्षीण सिग्नलशेजारी स्विचिंग कन्व्हर्टरचा गोंगाट नको. मी यंत्राचं सॅटेलाइट पान उघडून बोर्ड आधी अगदी मागे धरला, मग लांब नेला. जवळ असताना सिग्नलच्या पट्ट्या उघड उघड खाली आल्या. एफएमवरही कमजोर स्टेशन लावून ऐकलं, तिथे बारीक चरचर होती, ती केबलवर फेराइट (गोंगाट शोषणारा मणी) चढवल्यावर गेली. या दोन्ही तपासण्या पॅनेल बंद करायच्या आधी कराव्यात, नंतर कोण उघडतंय.

फ्यूज बॉक्सवर सगळ्यात जास्त वेळ घातला, आणि तो घालावाच. एसीसी (रेडिओसारख्या जोडसाधनांची लाइन) आणि इग्निशन यातला फरक गाडी सुरू करतानाच कळतो. मल्टीमीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा पकडून ठेवतो) ठेवून सेल्फ मारला: रेडिओच्या फ्यूजवर व्होल्टेज थेट शून्यावर गेलं, इंजिन लागल्यावर परत आलं. इग्निशनच्या फ्यूजवर ते १०.१ पर्यंत खाली गेलं, पण तुटलं नाही. एसीसीवर घेतलं असतं तर नॅव्हिगेटर किल्लीबरोबर उठून सेल्फच्या वेळी ‘बंद होतोय’ची उलटी गिनती दाखवून परत उठला असता. जुन्या जर्मन वायरिंगच्या भाषेत मला टर्मिनल १५, म्हणजे इग्निशनचा प्लस, हवा होता, ३० नाही: ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस, ३१ म्हणजे अर्थ (ग्राउंड, मायनस).

रिव्हर्स दिव्याचा फ्यूज निवडला. इग्निशनवरचा आहे, लोड किरकोळ आहे, आणि समजा काही बिघडलंच तर फार तर मागचा पांढरा दिवा जाईल. एअरबॅग, एबीएस (ब्रेक), ईसीयू (इंजिनचा संगणक) यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही, यात तडजोड नाही. पिवळं कनेक्टर किंवा पिवळी नळी (एअरबॅगच्या वायरिंगची खूण) दिसली की तिथून हात मागे. साध्या बल्बच्या टेस्टरनेही एअरबॅगच्या वायरी चाचपू नयेत. फक्त डिजिटल मीटर, आणि तोही फ्यूज बॉक्सपुरता.

फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसून आपल्यासाठी वेगळी वायर काढून देणारा जोड) घेताना ब्लेडचं माप जुळवून घ्या. मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-२ दिसायला भावंडं, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. टॅपमध्ये मूळ फ्यूज खाली, आपला वर. आपला २ अँपिअरचा, करडा. आणि दिशा! टॅपचा एक पाय दोन्ही फ्यूजना सामाईक असतो. तो पुरवठ्याच्या खाचेत जायला हवा. उलटा बसला तरी यंत्र चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण मग आपला करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो. खात्री करायला सोपी युक्ती आहे: टॅप बसवा, किल्ली चालू करा, आणि टॅपमधला मूळ फ्यूज तेवढा उपसा. आपल्या वायरवर १२ व्होल्ट शिल्लक असतील तर दिशा बरोबर. गेले तर टॅप फिरवून लावा.

अर्थ जवळच्या बॉडीच्या बोल्टवर घेतला, बोल्टखालचा रंग खरवडून, वायरच्या टोकाला रिंग लग (बोल्टखाली बसणारी कडी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून. बोर्डावरचे सांधे सोल्डरचे आहेत कारण ते नळीत गच्च बसलेत. बाकी सगळीकडे क्रिम्प. सोल्डर तारेच्या आत चढतं तिथे तार ताठ होते, आणि गाडीच्या हादऱ्यांनी नेमकी त्याच कडेला तुटते. वायरचं आवरण चावून धरणाऱ्या त्या झटपट क्लिपा मी गाडीत वापरत नाही आणि वापरू नयेत असंच सांगेन. काही तारा त्या कापतात, उरलेल्या गंजतात.

वायर ओढायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबलो. मार्ग स्टिअरिंग कॉलम आणि पेडलांपासून लांब, मूळ हार्नेसला (गाडीच्या वायरींच्या जुडग्याला) लागूनच ठेवला, वरून कापडी टेप. प्लास्टिकची टेप उन्हाने चिकट होते आणि डॅशमध्ये खडखडतेही. केबल मधल्या व्हेंटच्या कडेने बाहेर काढली, प्रवाशाच्या एअरबॅगच्या झाकणाच्या रेषेपासून बरीच अलीकडे.

जोडल्यावर मोजलं: नकाशा चालू, आतली बॅटरी भरतेय, तेव्हा १२ व्होल्टच्या बाजूला ०.४५ अँपिअर. किल्ली काढून, दारं लॉक करून, गाडीतले इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपेपर्यंत थांबून परत मोजलं तर टॅपच्या वायरवर शून्य. हे बघणं गरजेचं होतं, कारण हाच बोर्ड रिकामा असतानाही १२ मिलिअँपिअर घेतो. कायमच्या प्लसवर ठेवला असता तर महिन्याला साडेआठ अँपिअर-तासांहून जास्त नुसता बसून खाल्ला असता. किल्ली काढल्यावर यंत्र पूर्ण बंद न करता झोपेवर ठेवतोय. सॅटेलाइटचा कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी प्रसारित होतो आणि सुमारे चार तास कामाचा राहतो, त्यामुळे मध्ये थोडं थांबून निघालं तर झोपेतून उठलेल्या यंत्राला जागा जवळजवळ लगेच सापडते.

खालचं पॅनेल लावून झालंय. राहिलाय तो ब्रॅकेट. काचेवरचा सक्शन कप काढून डॅशच्या शिवणीत स्क्रूने पट्टी बसवायचा विचार आहे, पण स्क्रू आत कुठल्या वायरीजवळ जातो हे वरचं ग्रिल काढून बघितल्याशिवाय ड्रिल लावणार नाही.